सिस्टर नोरांच्या घरचा धूर

आई गोवऱ्या थापून विकायची. मोडक्या तेवढ्या आमच्या चुलीत जायच्या. एका खोलीत आम्ही सहा माणसं. धूर केसांत, गणवेशात मुरून बसायचा.

आज बसच्या खिडकीतून शेतापलीकडे तसाच निळसर धूर आडवा तरंगताना दिसला, आणि सिस्टर नोरा आठवल्या.

कॉन्व्हेंटमधल्या मुली म्हणायच्या, "ए गोवरे, लांब बस!" एकदा भर वर्गात मी सिस्टरांना सांगून टाकलं, उद्यापासून शाळेत येणार नाही. का, तेही सांगितलं. त्यांनी वाकून माझी वेणी हुंगली आणि डोळे मिटून तशाच उभ्या राहिल्या.

"आयर्लंडला आमच्या चुलीत दलदलीतला, कुजल्या गवताचा चिखल जाळायचे, वाळवून. माझ्या केसांना असाच वास यायचा."

वर्ग फिदीफिदी हसला. "सिस्टर, चिखल कसा जळेल?"

"इथे शेण जळतं ना? मग!"

विशीत बोटीने आल्या होत्या त्या. आम्हाला शिकवत इथेच म्हाताऱ्या झाल्या, परत गेल्याच नाहीत. मला वाटतं, सोडून आलेलं घर कुठे जात नाही. हवेत विरतं, आणि कधीतरी परक्या पोरीच्या केसांत क्षणभर गोळा होतं. बस पुढे निघाली तरी मला दोन चुली दिसत राहिल्या. एकीपुढे माझी आई, दुसरीपुढे त्यांची. दोघी पाठमोऱ्या, फुंकर घालताहेत.

सिस्टरांनी वेणी हुंगली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. पुढे बी.ए. झाले. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली.