साडूंचा तिसरा डायनामो

डायनामोवर माझ्या थोरल्या साडूंइतकं प्रेम करणारा माणूस साऱ्या गिरणगावात दुसरा नव्हता, आणि त्यांच्याइतके डायनामो ठार करणाराही नव्हता. विलायतेला परत जाणाऱ्या एका साहेबाची जुनी मोटार त्यांना जवळजवळ फुकट मिळाली होती. ती लालबागला चाळीसमोर उभी असे. इंजिन चालताना बॅटरी भरून ठेवायची, एवढंच डायनामोचं काम. पण गाडीला इंजिन, चाकं आणि ब्रेकही असतात, याची साडूंना आठवण करून द्यावी लागे.

गिरणीत ते यंत्रांना तेल घालणाऱ्यांचे मुकादम होते. तेल पाजलं नाही तर यंत्र रुसतं, ही त्यांची वीस वर्षांची श्रद्धा. दसऱ्याला गिरणीत यंत्रांची पूजा होई. साडू डायनामोची रोज करीत. सकाळी आंघोळ झाली की बॉनेट उघडून फडक्याने पुसणं, पट्टा अंगठ्याने दाबून पाहणं आणि मग तेल. तेल आत, वीज बाहेर आणणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांवर उतरे आणि वीज बंद पडे. पहिला डायनामो असा गेला, दुसराही.

तिसरा आणायला चोरबाजारात मी बरोबर होतो. त्यांनी नऊ डायनामो पाहिले. प्रत्येकाचा दांडा कानाशी धरून फिरवला, प्रत्येक नाकाशी नेऊन हुंगला. आतली तार जळलेली असली की वास येतो, हे खरं आहे. पण दुकानदार वैतागला.

“क्या साब, डायनामो लेना है या आम?”

“आम भी हम ऐसेच लेते हैं,” साडू म्हणाले. ते देवगडचे.

नववा पसंत पडला. दुकानदाराने बजावलं, “तेल महिने में एक बूंद. बस.” साडूंनी मान डोलावली. ती मान मला तेव्हाच पटली नव्हती.

घाईला कारण होतं. संयुक्त महाराष्ट्राच्या सभेसाठी रविवारी चाळीची फेरी निघणार होती, लालबाग ते परळ. टपावर कर्णा, त्याला गाडीच्या बॅटरीची वीज आणि माईकवर आक्का, म्हणजे साडूंच्या पत्नी. चार माणसांत कधी न बोललेल्या आक्का आठ दिवस स्वयंपाकघरात भाषण पाठ करीत होत्या. गाडी बंद पडली तर शेजारच्या चाळीची टॅक्सी तयारच होती, आणि तिच्यात बोलणारा त्या चाळीचा स्वतःचा होता; आक्कांचं भाषण मग स्वयंपाकघरातच राहिलं असतं.

फेरी निघाली. आक्कांचा पहिला शब्द थरथरला, दुसरा खणखणीत निघाला. गॅलऱ्या भरल्या, माणसं मागे चालू लागली. मी पुढच्या सीटवर, माझ्या पेपरसाठी बातमी टिपायला, वही घेऊन होतो. वाटेतल्या पुलाच्या अलीकडे चार्जिंगचा काटा खाली घसरला. साडूंचा चेहरा काट्यापाठोपाठ.

“अहो, आवाज बारीक होतोय!” मागून आक्का.

साडूंनी एक क्षण विचार केला आणि इंजिन बंद केलं. “उरलीसुरली वीज तुझी! तू बोलत राहा!” मग खिडकीतून डोकं काढून ओरडले, “अरे बघताय काय? ढकला!”

पन्नास हात लागले. वही खिशात घालून मीही उतरलो. “जोर लाव रे, पेपरवाल्या!” कुणीतरी माझ्या पाठीत थाप घातली. टॅक्सीवाले आशेने मागे येत होते. पुलाच्या चढावर तेही उतरून ढकलू लागले. मोटार गर्जत गेली असती तर आली नसती एवढी माणसं सभेच्या मैदानापर्यंत आली, आणि कर्णा शेवटच्या वाक्यापर्यंत बोलला.

सगळे सभेत शिरल्यावर साडूंनी बॉनेट उघडलं. डायनामो तेलाने निथळत होता.

“रोज चारच थेंब हो,” ते मला म्हणाले. “कोरडा ठेवायचा म्हणजे त्याच्याकडे लक्ष नाही, असं वाटतं.”

घरी परत ढकलायला आता कुणी नव्हतं. सभा संपेपर्यंत साडू आणि आक्का त्या बंद गाडीत शेजारी बसून राहिले. आक्कांचा आवाज पार बसला होता. बोलत होते ते साडूच, आणि तेही हळू.