एक दाणा, एक कोटी

अनवरी मॅडम शुक्रवार पेठेतल्या एका शाळेत सातवी-आठवीला गणित शिकवतात, तेही तासिकेवर. म्हणजे तास आज घ्यायचा आणि पैसे अल्लाच्या मर्जीनं मिळायचे. पाच महिन्यांचे पन्नास हजार अडकलेत, हे अख्ख्या पेठेला ठाऊक. विचारायला गेलं की एकच उत्तर, बिल वर गेलंय. किती वर जातंय मेलं, चंद्रावर?

घरच्यांनी चिंचोळी एमआयडीसीत पॅकिंगचं काम बघून ठेवलेलं. पण मॅडमचा जीव फळ्यात. पुढच्या वर्षाची नेमणूक हवी होती, आणि ती गुरुवारच्या तपासणीवर अवलंबून होती.

त्यात मोठ्या संख्या सातवीच्या पोरांच्या डोक्यात शिरेनात. "लाख कोटी म्हंजे लई," असं म्हणून मागच्या बाकावरचा सिद्धांत मोकळा व्हायचा. वैतागून मॅडमनी पाव किलो शेंगदाणे आणले.

"एक दाणा म्हणजे एक कोटी. राज्यावर कर्ज आहे नऊ लाख कोटींच्या आसपास. किती दाणे लागतील, सांगा."

पाव किलोत पाचशे दाणे भरले. सिद्धांतनं मोजता मोजता गिळलेले बारा कोटी त्यात धरले. मग फळ्यावर गुणाकार झाला आणि उत्तर आलं साडेचारशे किलो.

"नऊ पोती!" इफ्रा ओरडली. "अब्बांचा टेम्पो भरंल की, मॅडम!"

वर्गाला लाख कोटी एकदाचे दिसले.

गुरुवारी तपासणीचे साहेब आले. मॅडम दाण्यांचा हिशोब समजावत होत्या, तेवढ्यात साहेबांनी टेबलावरच्या ढिगातून मूठ भरली. "छान. तुमच्या पगाराचंही कानावर आलंय. पण शासनाकडं पैसा कुठाय? जरा दम धरा," म्हणत त्यांनी एक दाणा तोंडात टाकला.

इफ्रा उभी राहिली. "सर, तो एक कोटीचा होता."

साहेब हसले.

"त्यात दोनशे वेळा मॅडमचे पन्नास हजार देता आले असते."

साहेबांचं चावणं थांबलं. हेडमास्तर महादेवप्पा घामाघूम होऊन खुणावत होते, गप्प करा पोरीला, माफी मागा. मॅडमची नेमणूक समोर उभी होती, हातात दाणे घेऊन.

त्यांनी खडू उचलला, फळ्यावर भागाकार केला.

"उत्तर बरोबर आहे. बस, इफ्रा."

मग साहेबांपुढं हात पसरला. "बाकीचे परत ठेवा, सर. आठवीच्या तासाला लागतात."