सोडलेली पट्टी

स्पिरिटचा वास आला की वालचंदनगर रस्त्यावरचं ते समाजमंदिर आठवतं. दर रविवारी तिथे दोन-तीन डॉक्टर फुकट तपासत; विमा किंवा रेशनकार्ड नसलेले लोक सकाळपासून सतरंजीवर बसून असत. मी बातमीसाठी गेलो, तेव्हा ऊस तोडणाऱ्या एका बाईचा कोयत्याने चिरलेला तळहात डॉक्टरीणबाईंनी नुकताच शिवला होता. पट्टी बांधून त्या म्हणाल्या, "तीन दिवस सोडायची नाही." तेवढ्यात दवाखान्याला औषधं पुरवणारे पुढारी तात्या आले. "तात्या, उशीर केला, पट्टी बांधून झाली," कुणीतरी म्हणालं. "मग सोडा की पट्टी, मी बांधतो," तात्या म्हणाले. "फोटू काढाय पेपरवाले हायेत न्हवं?" "जखम चिघळेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ती जखमी बाईच हळू बोलली, "सोडा बाई. औषधं त्यांचीच हायेत." पट्टी ओढताना टाक्यांना चिकटलेला कापूस सुटला आणि रक्त आलं. कॅमेऱ्यात तळहात नीट दिसेना, म्हणून "जरा वर धरा" असं मीच तिला सांगितलं. फोटो छापून आला. कात्रण अजून माझ्या फायलीत आहे. त्यात तात्या हसताहेत. कळवळलेला तिचा चेहरा मी चौकटीबाहेर ठेवला होता.