खपली की बिबा

त्या पावसाळ्यात मला एक विचित्र सवय लागली होती. माणूस समोरच्या स्टुलावर बसला की त्याच्या चेहऱ्याआधी मी त्याची कंबर, काख, मान आणि कानामागची जागा बघायचे. कुरखेडा तालुक्यातल्या एका जंगलाकडेच्या आरोग्य केंद्रात मी डॉक्टर होते आणि आसपासच्या गावांत स्क्रब टायफसची साथ होती. गवतातला बारीक किडा चावतो, चावलेलं कळतही नाही, आणि काही दिवसांनी ताप चढतो. चावल्या जागी काळी खपली धरते, तिच्याभोवती लाल कडा येते. वेळेत साध्या कॅप्सूल मिळाल्या तर दोन-तीन दिवसांत माणूस उठून बसतो. नाही मिळाल्या तर दुखणं फुप्फुसात, किडनीत, मेंदूत, कुठेही जातं.

एवढं मला पुस्तकातून ठाऊक होतं. घोळ त्याच्या पुढचा होता.

जिल्ह्याहून पहिली सूचना आली ती अशी की, ताप लांबला असेल आणि डोकं दुखत असेल तर तपासणीच्या अहवालाची वाट न बघता कॅप्सूल सुरू करा. मी केल्या. साठा भराभर उतरला. मग डॉक्टरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दुसरी सूचना आली: सरसकट प्रत्येक तापाला कॅप्सूल देऊ नये, काळी खपली दिसली तरच द्यावी. सोबत एक फोटो होता. कुणाच्या तरी गोऱ्यापान पाठीवर एक सुबक काळी खपली आणि भोवती गुलाबी वर्तुळ. पहिली सूचना रद्द झाली की तीही चालू आहे, हे कुणी लिहिलं नव्हतं. मी ग्रुपवर तसं विचारलं, तर काही जणांनी नुसते अंगठे टाकले. त्या अंगठ्यांचा अर्थ हो होता की नाही, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

आणि फोटो काढणाऱ्याने आमच्याकडची माणसं बघितलेली नव्हती. मी मूळची माजरीची, खाणीच्या वसाहतीत वाढलेली. आमच्याकडे काळं म्हणजे कोळशाची भुकटी, साबण घासला की बरीचशी जाणारी. बिब्याचं काळं मी इथे येऊन बघितलं. बिबा सुईला टोचून दिव्यावर धरतात, तेल सुटलं की त्याचा चटका दुखऱ्या जागेवर देतात. गुडघा धरला, बिबा. पोटात कळ आली, बिबा. धानाच्या रोवणीत कंबर मोडली की घरोघरी बिबा. डाग काळा पडतो आणि एखाद्याला बिबा उतला तर भोवती लाल कडाही येते. म्हणजे थेट त्या फोटोतल्यासारखं.

एका म्हाताऱ्याच्या पोटावर मी एकेका डागावर बोट ठेवून विचारत गेले. हे काय? "बिबा." हे? "तेबी बिबा." आणि हे बरगडीखालचं? त्याने मान वाकवून बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "हे तं मले मालूमच नाई." त्याला कॅप्सूल दिल्या. बाहेर बसलेल्या त्याच्या बायकोने नंतर सांगितलं की तोही तिनेच लावलेला, तो झोपेत असताना.

आमच्या सिस्टर या भागात मुरलेल्या. मी ज्याला खपली म्हणायचे त्याला त्या बिबा म्हणायच्या आणि मी ज्याला बिबा म्हणायचे तिथे त्यांना खपलीचा संशय यायचा. टॉर्च मारून, भिंग लावून आम्ही दोघी लोकांच्या कमरा न्याहाळत बसायचो. आमचं एकमत व्हायचं ते फक्त जेवणाचा डबा उघडण्याबाबत. मला हसू यायचं आणि रडूही यायचं, कारण चुकलो तर एखादा जीव जाणार हे दोघींनाही माहीत होतं.

अशात एका दुपारी तलावावर मासे धरणारा एक माणूस बायकोला घेऊन आला. मोटरसायकलवरून ती पडू नये म्हणून त्याने तिला लुगड्याने स्वतःच्या पाठीला बांधलं होतं. गाठ ओली होऊन आवळली होती, ती सोडवतानाच आमच्या नाकी नऊ आले. बाईचं अंग भाजत होतं. डोळे लाल, श्वास उथळ, आणि ती कुणाशी तरी जाळ्यावरून भांडत होती, पण खोलीत तसं कुणी नव्हतं. मलेरियाची तपासणी निगेटिव्ह आली. मी तिच्या परकराचा नाडा सैल केला. कमरेवर, नाड्याच्या किंचित खाली, नाण्याएवढा काळा डाग.

"हे काय आहे?"

"बिबा, बाई. मीच लावलो," नवरा म्हणाला.

"ताप यायच्या आधी की नंतर?"

तो गोंधळला. "ध्यान नाई. तवा कोन ध्यान ठेवते?"

बिबा असेल तर दुसऱ्या सूचनेप्रमाणे कॅप्सूल द्यायची नाही. पहिलीप्रमाणे द्यायची. मोठ्या दवाखान्यात पाठवावं तर नाल्याच्या पुलावरून पाणी वाहत होतं आणि अ‍ॅम्ब्युलन्स पलीकडे अडकलेली होती. हा मेंदूचा दुसराच ताप असेल तर कॅप्सूलचा काही उपयोग नव्हता. आणि हाच असेल तर प्रत्येक तास महत्त्वाचा होता. मी डागाकडे बघत राहिले. जितकं जास्त बघावं तितका तो कधी खपली वाटायचा, कधी बिबा. मला भयंकर राग आला. फोटोचा, पावसाचा, आणि केवळ समोर उभा होता म्हणून त्या माणसाचा.

"काऊन लावला बिबा?" मी जवळजवळ ओरडलेच.

"मंग का करू, बाई? ते तळमळून राह्यली होती. नुसता पाहत बसू?"

मी मोबाईल घेऊन खिडकीशी गेले. आमच्याकडे रेंज फक्त त्या खिडकीच्या कठड्यावर यायची, तीही फोन कठड्यावरच ठेवून स्पीकर लावला तर. तालुक्याच्या साहेबांना सगळं सांगायला सुरुवात केली. आवाज तुटत होता.

"डाग काळा आहे का नाही, तेवढं सांगा," साहेब म्हणाले.

"काळा आहे सर, पण नवरा म्हणतो की तो..."

"काळा आहे ना? मग द्या." आणि रेंज गेली.

त्यांनी माझं पुढचं ऐकलं होतं का, ही परवानगी होती की फोन ठेवायची घाई, मला कळलं नाही. पण 'द्या' हा शब्द कानावर पडला होता आणि मला तेवढाच हवा होता. सिस्टरने बाईला बसतं धरलं, आम्ही घोट घोट पाण्याबरोबर कॅप्सूल तिच्या घशाखाली उतरवली, सलाईन लावलं. नवरा दाराला टेकून सगळं बघत होता. फोन, डाग, कॅप्सूल.

दुसऱ्या दिवशी ताप उतरणीला लागला. त्यानंतर ती शुद्धीवर येऊन भात मागायला लागली. नवऱ्याने हौसेने मच्छीचा रस्सा आणला तर म्हणाली, "मच्छी नको, आयुष्यभर तेच खाल्ली, वरण आन." आम्ही सगळे हसलो. मी तिला डागाबद्दल पुन्हा विचारलं. "तिथी पह्यले बारीक फोड होता," ती नवऱ्याकडे बोट दाखवत म्हणाली, "दुखे नाई, खाजवे नाई. मंग कंबर धरली तवा यायले म्हटलं, तिथीच बिबा लावून द्या." म्हणजे आधी किडा आणि वर बिबा. खपली की बिबा, हा आमचा प्रश्नच चुकीचा होता. सिस्टरला तेही पटलं नाही, त्यांच्या मते तो नाड्याचा काच होता. पाणी ओसरल्यावर पाठवलेला रक्ताचा नमुना खराब झाला म्हणून कळलं. ती नेमकी कशाने आजारी होती आणि कशाने बरी झाली, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण ती चालत घरी गेली. मला इतका आनंद झाला होता की मी जास्त खोलात शिरले नाही.

पाऊस चालूच होता. काही दिवसांनी तोच माणूस पुन्हा आला. या वेळी खांद्यावर त्याची लहान मुलगी होती, तापाने मलूल झालेली. मी तिला टेबलावर निजवायला सांगितलं. मी काही विचारायच्या आत त्याने तिचा फ्रॉक वर केला.

कमरेवर, आईच्या होता त्याच जागी, ताजा बिबा उतलेला होता. कातडी फुगून फुटली होती, पाणी झिरपत होतं. कापड लागलं तशी पोर कळवळून रडायला लागली.

"हे कुणी केलं?"

"मीच, बाई." त्याला माझ्या आवाजाचं नवल वाटलं असावं. "साहेब फोनवर बोलले नाई का, डाग काळा पायजे म्हनून? मागच्या टायमाले गंज वेळ गेला. तुमी पाहत राह्यल्या, पाहत राह्यल्या, ते तिकडे मरून राह्यली होती. म्हनून या टायमाले घरूनच लावून आनलो."

सिस्टरने पोरीच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला. थोड्याच वेळात तपासणीच्या पट्टीवर मलेरियाची रेघ स्पष्ट उमटली. मलेरियाच्या गोळ्या कपाटात भरपूर होत्या आणि त्या द्यायला अंगावर कसलाही डाग लागत नव्हता. माझ्या तोंडात शिव्या आल्या, पण त्या कुणाला द्यायच्या ते सुचेना. सूचना आम्ही जशी पाळत होतो तशीच त्यानेही पाळली होती. मी जखमेवर मलम लावायला घेतलं.

तो माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. मी कॅप्सूल काढत नाही हे पाहून तो घाबरला आणि हळू आवाजात विचारू लागला, "जागा बरोबर साधली ना, बाई?"