विमानाच्या पाठीवरचं भोक

आमच्या घरात जेवायला टेबल आहे, पण त्यावर माझ्या बायकोची विमानं उतरलेली असतात. रुफिनाने आयुष्यभर दातांच्या कवळ्या केल्या आणि निवृत्त झाल्यावर दुसऱ्या महायुद्धातले जुने फोटो घेऊन बसली. आमच्या पडलेल्या रशियन विमानांवर उभं राहून फोटो काढायची जर्मन शिपायांना भारी हौस होती. आता त्यांची नातवंडं ते विकतात, आणि लोवत नदीकाठचे लोक ते घेऊन माझ्या सुपाच्या ताटलीशेजारी येऊन बसतात. पंखाचा तुकडा दिसला तरी रुफिना विमान ओळखते. नवऱ्याचा वाढदिवस मात्र तिच्या लक्षात राहत नाही.

परवा पलीकडच्या खेड्यातून अगाफ्या येगोरोवना आल्या, खारवलेल्या अळंब्यांची बरणी आणि असाच एक फोटो घेऊन. त्या लहान असताना गावच्या दलदलीत विमान पडलं होतं. जर्मन निघून गेल्यावर त्यांनी आणि त्यांच्या आईने वैमानिकाला बाहेर काढून पुरलं. तोवर विमानाची शेपटी चिखलात बुडाली होती. ती कबर आजवर त्याच सांभाळत आल्यात.

"त्याचं नाव नाही मिळालं. निदान विमानाचं तरी दगडावर कोरते," त्या म्हणाल्या.

"इल्यूशिन. बेचाळीस सालचं. एकच माणूस बसायचा," मी शहाणपणा केला.

"गोर्देय, गप्प बस." रुफिनाचा डोळा भिंगावरून हलेना. "आजी, वैमानिकाच्या मागे हे भोक दिसतंय? गोळ्यांचं नाही, कापून केलंय. मागून मारा व्हायचा, म्हणून हवाई दलाच्या काही तुकड्यांनी स्वतःच तिथे बंदूकवाल्यासाठी जागा केली होती. ही बंदुकीची नळी. इथे दुसरा बसला होता."



"काहीतरीच काय पोरी! आम्ही एकालाच काढलं. मेणबत्ती मी एकासाठीच लावते." मग त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. "ते मेले जर्मन पंखावर उभे राहून हसत होते ना, तेव्हा शेपटीकडून ठकठक यायची. दुसऱ्या दिवशीही येत होती. आईला विचारलं, तर म्हणाली, लोखंड गार होतंय. आणि माझे कान झाकले तिने. लोखंडाला गार व्हायला इतका वेळ लागतो?"

"लागतो, लागतो की!" मी घाईघाईने म्हणालो.

रुफिनाला खोटं बोलता येत नाही. मला तिचा इतका राग कधीच आला नव्हता.

"आजी, या विमानाची शेपटी लाकडाची असते."

अगाफ्या येगोरोवनांनी फोटो पालथा घातला.

"म्हणजे आईला माहीत होतं," त्या म्हणाल्या.