वळूंच्या वाट्याचा नायट्रोजन

गेल्या सोमवारी सकाळी अकरा वाजता तेर गावच्या शबानाभाभींवर अन्याय झाला. 'नमुना खराब झाल्यास माझी तक्रार नाही' अशा कागदावर आमच्या सरकारी लॅबनं त्यांची सही घेतली. नमुना तेव्हा ठणठणीत होता. कागद त्यांना कुणी वाचूनही दाखवला नाही.

मी त्याच लॅबमध्ये टेक्निशियन आहे. भाभींच्या थोरल्या मुलीला, आयेशाला, थॅलेसेमिया आहे. सारखं रक्त चढवावं लागतं. धाकटा जन्मला तेव्हा त्याच्या नाळेतलं रक्त आम्ही ठेवून घेतलं. त्यात स्टेम सेल असतात, म्हणजे नवं रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी. त्या आयेशाशी जुळल्या. प्रत्यारोपणाला महिना आहे. तोवर पेशी लिक्विड नायट्रोजनच्या गारठ्यात राहायला हव्यात, आणि तो रोज थोडा उडून जातो. त्या सकाळी मी कॅनमध्ये पट्टी बुडवून पाहिली. दोन दिवसांपुरता उरला होता.

या कामाला संशोधनाचा निधी मंजूर आहे. नायट्रोजनच्या मागणीपत्रावर सही नाही. संचालकाची खुर्ची कधीची रिकामी, आणि तीन खात्यांचा चार्ज एकाच साहेबांकडं. मी त्यांना गाठलं.

"मॅडम, मी फक्त चार्जवर आहे. खरेदीचं नवे संचालक बघतील."

"ते कधी येणार?"

"ऑर्डर निघाली की."

"मग पेशींना कळवू का, तोवर थांबा म्हणून?"

साहेबांनी बेल वाजवली आणि क्लार्कला तो कागद टाइप करायला सांगितला.

मी दुसरा, रिकामा कॅन रिक्षात घातला आणि जनावरांच्या दवाखान्यात गेले. तिथं वळूंचं वीर्य याच नायट्रोजनमध्ये ठेवतात. त्यांची गाडी वेळेवर येते. तिथले डॉक्टर रिटायरमेंटला आलेले. सगळं ऐकून म्हणाले, "आमच्या वळूचं एक दिवस अडत न्हाय, अन् लेकराचं अडतंय व्हय? न्या की, बाई."

दुपारपर्यंत पेशींचा कॅन भरला. मग फाईलमधून तो कागद काढून भाभींच्या हातात दिला. त्यांनी त्याचे नीट चार तुकडे केले.

बुधवारी मला नोटीस आली. दुसऱ्या खात्याचं साहित्य विनापरवानगी का आणलं, खुलासा करा. मी लिहिलं, 'गरज होती. पुन्हा आणीन.'

पेशी शाबूत आहेत. धडा एवढाच, की निधीला हात नसतात. सही माणसालाच करावी लागते. आणलेला नायट्रोजन पंधरा दिवस पुरेल. पुढचे पंधरा दिवस हे वाचणाऱ्या तुमच्यावर आहेत. उद्या आमदारांच्या दारात जा, पूर्णवेळ संचालक कधी नेमता ते विचारा, आणि तारीख मिळेपर्यंत तिथून उठू नका.