सायकल निवडण्यात गेलेलं वर्ष

सासूबाईंना लकवा झाला, त्याच्या आदल्या महिन्यात मी किनवटच्या जंगलात सायकलच्या पहिल्या शर्यतीत उतरले होते. सायकल मैत्रिणीची, फक्त पुढच्या चाकाला स्प्रिंग असलेली. सागाच्या पाल्याखाली दडलेल्या दगडांवरून मागचं चाक असं उधळायचं की उतारावर सीटला टेकायची सोय नव्हती. शेवटच्या फेरीत हाताला बोटं आहेत का नाहीत, तेच कळेना. तरी शर्यत पूर्ण केली, आणि लातूरला परतताना एसटीतच ठरवलं की आता फुल सस्पेन्शन घ्यायची. दोन्ही चाकांनी झटके गिळले पाहिजेत, पण चढावर तिचं ओझं व्हायला नको. शर्यतीला चालावी आणि एरवी रानवाटांनी भटकायलाही.

मग सासूबाईंची उजवी बाजू गेली आणि घराचं वेळापत्रक त्यांच्या खाटेभोवती फिरू लागलं. सकाळी त्यांचं आवरून मी क्लासला जायची. मी जीवशास्त्र शिकवते. आमच्या हॉलला खिडक्या नाहीत. एकच धडा एकामागून एक तुकड्यांना शिकवायचा, आणि बाहेर ऊन आहे का आभाळ आलंय ते सुटल्यावर बघायचं. मी घरी पोचले की सांभाळणारी बाई निघायची. मग खाटेच्या कडेला बसायचं ते रात्रीच्या जेवणापर्यंत.

तिथं बसून मी मोबाइलवर सायकली बघायची. बघता बघता दोनच उरल्या. एक हलकी, खास शर्यतीची, चढावर सरसर जाणारी. दुसरी थोडी जड, पण तिचं सस्पेन्शन जास्त दबणारं आणि पुढचं चाक जरा लांब टाकलेलं, म्हणून उतारावर ठाम. दोघींची मापं मला तोंडपाठ झाली. तरी ठरेना. खरं म्हणजे मला ठरवायचंच नव्हतं. घेतली की चालवावी लागली असती, आणि चालवायला वेळ कुठला? निवडत बसायला मात्र कुणाला विचारावं लागत नव्हतं.

सासूबाईंची जीभ जड झाली होती, पण बोलणं तसंच तिखट.

"काय बघायलीस गं?"

"सायकल."

"कालबी तेच बघत व्हतीस."

"दोन आहेत, आई. कुठली घ्यावी कळत नाही."

"नवरा येका दिसात पसंत केलास की."

नांदेडच्या एका दुकानदाराकडं दोन्ही सायकली आल्याचं कळलं. तो स्वतः शर्यती करायचा. रविवारी या, गावाबाहेरच्या टेकडीवर दोन्ही चालवून बघा, असं तो म्हणाला. रविवारी नवरा घरी असतो आणि बाईही येणार होती, म्हणून मी पहाटेच्या बसनं निघाले.

आधी हलकी चालवली. मुरमाच्या चढावर ती खरंच पळाली. उतरताना मात्र मोठ्या दगडांवर माझी पकड सुटायला लागली आणि मी ब्रेक धरूनच खाली आले. दुसरीच्या पॅडलवर पाय ठेवला, तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला.

"बाई आलीच नाही. आईचे कपडे ओले झालेत. तू लवकर ये."

"मी नांदेडात आहे. बदल की तूच."

"मी? मी कसं बदलू? आई आहे ती."

दुकानदार दुसरीकडं बघत उभा राहिला. मी त्याला सायकल परत दिली. बस अहमदपूरला थांबली, सगळे चहाला उतरले. मी जागेवरच बसून राहिले. रडूही येत नव्हतं. मनात फक्त एवढंच होतं की हे आता असंच चालणार, कितीतरी वर्षं.

घरी सासूबाई तशाच ओल्यात पडून होत्या, भिंतीकडं तोंड करून. मी त्यांना पुसलं, कपडे बदलले.

"दुसरी चालवली न्हाई?"

"नाही."

मग त्यांनी दाराकडं बघून लेकाला हाक मारली. तो उंबऱ्याशी येऊन थांबला.

"आत ये. तुझं हगलं-मुतलं म्या काढलं, तवा मला लाज वाटली न्हाई. आन् मी चार घंटे ओल्यात पडले तरी तुला लाज वाटली न्हाई. हिच्याकडून शिकून घे."

कान लाल झाले होते त्याचे. त्या आठवड्यात मी त्याला शिकवलं: आधी चादर पांघरवायची, मग कुशीवर वळवायचं, कपडे काढताना लुळा हात शेवटी. सुरुवातीला तो डोळे मिटूनच करायचा. सासूबाई त्याला शिव्या द्यायच्या आणि नंतर एकट्याच रडायच्या. ते मी पाहिलंय. त्यांनाही ते सोपं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी पुन्हा नांदेडला गेले. जड सायकल चढावर जराशी रेंगाळली. उतारावर मात्र त्याच दगडांवरून ती अशी आली की ब्रेकची आठवण मला खाली पोचल्यावर झाली. चढायला माझे पाय पुरत होते; भीती मला उतरायची होती. मी जड घेतली.

फ्लॅटमध्ये जागा नव्हती म्हणून ती सासूबाईंच्या खोलीत, खाटेला लागून उभी राहिली. जंगलासाठी घेतलेली सायकल मी आठवड्यातून एकदा रिंगरोडच्या सपाट डांबरावर फिरवायची आणि दूधवाला यायच्या आत परत यायची. कधी कधी वाटायचं, तीही माझ्यासारखीच इथं अडकली.

थंडीत किनवटची शर्यत आली. मी गेले. एकदा पडले, कोपर सोलून निघालं, आणि कुठंतरी मधल्या नंबरावर शर्यत संपवली. सागाखाली सायकल आडवी टाकून बसले. पिशवीत फोन वाजत होता. मी तो वाजू दिला. घरची काळजी होती, पण उठून जावंसं अजिबात वाटत नव्हतं. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा घेतला.

नवरा म्हणाला, "सगळं ठीक आहे. आई विचारतेय, पडली का."

"पडले म्हणावं."

मागून सासूबाईंचा आवाज आला, "मग उठ म्हनावं आता."

मी अजून थोडा वेळ तिथंच बसले.